दोघांचे विमान, एकट्याची स्मृती

मराठी युद्धलेखनाला एकटा वीर मानवतो. ही सवय पोवाड्याने लावली: नाव घेता येईल असा नायक, समोर उभा शत्रू, पाहणारे साक्षीदार. रात्रीच्या बाँबफेकीत यातले काहीच नसते. विमानात एकाहून अधिक माणसे असतात, शत्रू दिसत नाही आणि विमान परतले नाही तर शेवट सांगायला कोणी उरत नाही. म्हणूनच लढाऊ विमानाच्या वैमानिकाला आपल्या लेखनात जागा मिळाली, बाँबफेकी विमानातल्या जोडीला फारशी मिळाली नाही, असे माझे म्हणणे आहे.

कॅनबेराचे उदाहरण घेऊ. १९५७ ते २००७ अशी पन्नास वर्षे हे विमान भारतीय हवाई दलात होते. पुण्याच्या लोहगाव तळावरूनही ते उडत असे. त्याच्या बी(आय)५८ या प्रकारात वैमानिकाला इजेक्शन सीट होती, नॅव्हिगेटरला नव्हती. त्याने नाकाच्या भागात बसून वाट काढायची आणि वेळ आलीच तर बाजूच्या दारातून उडी घ्यायची. सप्टेंबर १९६५ मध्ये, युद्धाच्या अखेरच्या दिवसांत, रात्रीच्या मोहिमेवरून परतणारे असे एक विमान फाजिल्काजवळ पाकिस्तानी एफ-१०४ ने पाडले. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट लोवे बाहेर पडू शकले आणि युद्धकैदी झाले. नॅव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर कपूर मारले गेले. एका विमानातल्या दोघांचे नशीब आसनाने वेगळे केले.

डिसेंबर १९७१ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट ससून आणि फ्लाइट लेफ्टनंट अडवाणी यांचे कॅनबेरा परतलेच नाही. चोपन्न बेपत्ता जवानांच्या यादीत ही दोन्ही नावे आहेत, पण दोन स्वतंत्र नोंदी म्हणून. त्याच यादीतले विजय तांबे मराठी वाचकाला ठाऊक असतात. दमयंती तांबे यांनी दशकानुदशके चालवलेला शोध हे त्याचे कारण आहेच. शिवाय तांबे यांचे सुखोई एकआसनी होते, त्यामुळे ती कथा आपल्या साच्यात बसते.

दोष केवळ आपला नाही. लंडनजवळच्या रनीमिड स्मारकावर वीस हजारांहून अधिक बेपत्ता हवाई सैनिकांची नावे वर्ष आणि हुद्द्यानुसार कोरली आहेत. एकत्र गेलेले सात जण तिथे विखुरतात. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातही प्रत्येकाची वीट वेगळी. मरण ज्याचे त्याचे असते, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्या रात्रीचे काम ज्याचे त्याचे नव्हते.

लेन डायटन यांची ‘बॉम्बर’ (१९७०) ही कादंबरी मला या संदर्भात महत्त्वाची वाटते. ३१ जून १९४३ या कॅलेंडरात नसलेल्या तारखेला ती एक हल्ला घडवते आणि विमानातल्या माणसांइतकाच वेळ खालच्या जर्मन गावाला देते. जोडीने लिहायचे म्हटले की जमिनीवरची माणसेही आपोआप आत येतात. पोवाड्याला हे पेलत नाही.

मी राहतो त्या नागपुरात १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपालविमाने मध्यरात्री एकत्र येत. आज हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय इथे आहे. रात्रीचे उड्डाण हे अनेकांचे काम असते, हे या शहराला वेगळे सांगायला नको. मग निदान इथल्या अंकांनी तरी लोवे आणि कपूर, ससून आणि अडवाणी ही नावे एका ओळीत छापावीत.