शोध आणि वेचणी

मुलांच्या खेळांस वाङ्मयीन मासिकांत जागा कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. परंतु ज्या खेळांत घरचीं मुलें तासन् तास रमतात, त्यांची रचनाहि कादंबरीच्या रचनेइतक्याच कसोशीनें तपासली पाहिजे, असें आमचें मत आहे. पडद्यावरील ज्या दोन खेळांविषयीं आज लिहावयाचें आहे, त्या दोहोंतहि खेळाडूनें उड्या मारीत वाटेवरील वस्तु मिळवावयाच्या असतात. तथापि एकांत शोध आहे, दुसऱ्यांत केवळ वेचणी.

पहिला खेळ 'टोनी हॉक्स प्रो स्केटर'. अमेरिकेंतील नेव्हरसॉफ्ट या मंडळीनें रचलेला हा खेळ १९९९ सालीं निघाला. चाकांच्या फळीवर उभा राहून खेळाडू गिरक्या घेतो, कठड्यांवरून घसरत जातो. फेरीची मुदत अवघी दोन मिनिटें. तेवढ्यांत गुण मिळवावयाचे, 'स्केट' या इंग्रजी शब्दाचीं पांच अक्षरें गोळा करावयाचीं, आणि बहुतेक स्थळीं दडवून ठेवलेली एक फीतहि हुडकावयाची.

या अक्षरांची मांडणी पाहण्याजोगी आहे. एकापासून दुसऱ्याकडे जातांना कोणत्या उतारावर वेग घ्यावा, कोणता कठडा धरावा, हें आपोआप ध्यानांत येतें. रचनाकारानें न बोलतां दिलेला हा धडाच होय. फितीची गोष्ट निराळी. ती बहुधा उंचावर वा आडबाजूस असते. काल जी केवळ भिंत होती, तीच आज वाट तर नसेल, असा संशय आल्यावांचून तेथवर पोंचतां येत नाहीं. दृष्टि नसेल तर वाट दिसत नाहीं, आणि कसब नसेल तर दिसूनहि उपयोग नाहीं. या दोहोंची सांगड हेंच या खेळाचें खरें यश. २०२० सालीं तो नव्या सजावटीनें आला, तेव्हांहि फीत कायम राहिली, हें योग्यच झालें.

दुसरा खेळ 'सबवे सर्फर्स'. डेन्मार्कमधील किलू व सायबो यांनीं तो २०१२ सालीं काढला. भिंती रंगविणारा एक मुलगा, त्याच्या पाठीस पहारेकरी व कुत्रा, आणि समोरून धडधडत येणाऱ्या आगगाड्या. तीन रुळांवरून उड्या मारीत, प्रसंगीं डब्यांच्या टपावरून, तो धांवत सुटतो. गूगलच्या दुकानांतून शंभर कोटी वेळां उतरवून घेतलेला हा पहिला खेळ ठरला, ही २०१८ सालची गोष्ट. येथेंहि रोज एका शब्दाचीं अक्षरें मिळवावयाचीं असतात. परंतु एखादें निसटलें तरी हळहळ नको. पुढें तें पुन्हां समोर येतें. मार्गाला ठरीव ठिकाणच नाहीं, मग तेथें कांहीं दडणार कोठें? बंद पेट्यांत काय निघेल हें केवळ दैवावर, आणि त्या पेट्या नाण्यांनीं विकतहि मिळतात. डोळा व बोट यांची चपळाई येथें लागते, ती आम्ही कमी लेखीत नाहीं. पण शोधाचा आनंद याहून वेगळा आहे.

पहिला खेळहि निर्दोष नाहीं. शोधाला निवांतपणा लागतो, आणि दोन मिनिटांचें घड्याळ तो मिळूं देत नाहीं. सुदैवानें मुदतीवांचूनची मोकळी फेरीहि त्यांत आहे. नवख्यानें प्रथम तीच घ्यावी.

आमच्या घरांतील बारा वर्षांचा एक मुलगा अशाच एका फितीच्या मागें चार दिवस होता. पांचव्या दिवशीं मित्रानें ठिकाण सांगून टाकलें. फीत मिळाली, पण चेहरा उतरला. "काका, ती मला शोधायची होती," एवढेंच तो म्हणाला. वस्तु हातीं येणें आणि ती सांपडणें, यांतील अंतर त्या मुलास पुरतें कळलें होतें. उत्तरें सांगणाऱ्या चित्रफिती आज हवी तेव्हां पाहतां येतात. वडील माणसांनीं त्या दाखविण्याची घाई करूं नये, इतकीच आमची विनंति आहे.