चार टक्के आणि तेहेतीस टक्के

२०१८ साली चीनमधल्या प्रौढ माणसांपैकी बौद्ध किती होते? रेनमिन विद्यापीठाच्या पाहणीचं उत्तर आहे ४ टक्के. त्याच साली पेकिंग विद्यापीठाच्या पाहणीत बुद्धावर किंवा बोधिसत्त्वावर आपली श्रद्धा आहे असं सांगणारे निघाले ३३ टक्के. दोन्ही पाहण्या नावाजलेल्या. कुणी लपवाछपवी केली नव्हती, बेरीजही कुणाची चुकली नव्हती. विचारलेला प्रश्न तेवढा निराळा होता.

ही दोन उत्तरं शेजारी शेजारी मांडणारा अहवाल अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने ऑगस्ट २०२३ मध्ये काढला. विषय, चीनमधला धर्म मोजायचा कसा? परदेशी संस्थांना चीनमध्ये स्वतः पाहणी करता येत नाही, म्हणून संशोधकांनी चिनी विद्यापीठांच्या प्रश्नावल्या घेतल्या आणि त्या ओळ न् ओळ वाचल्या. एखादी जुनी ओवी वाचताना आपण शब्दाशी अडून बसतो ना, तसं. म्हणूनच आकड्यांच्या या पुस्तकाचं रसग्रहण करावंसं मला वाटतं.

सगळी गंमत एका चिनी शब्दात आहे: त्सोंगच्याओ. ‘रिलिजन’ या इंग्रजी शब्दासाठी एकोणिसाव्या शतकात जपान्यांनी ‘शूक्यो’ हा शब्द रूढ केला आणि तोच पुढे चिनी उच्चार घेऊन चीनमध्ये गेला. त्याआधी तिथे देव होते, देवळं होती, पितर होते, मठ होते. या सगळ्यांना एका दोरीत ओवणारा शब्द मात्र नव्हता. आजही त्सोंगच्याओ म्हटलं की चिनी माणसाच्या डोळ्यांपुढे संघटित धर्म येतो. सरकारची मान्यता तर पाचांनाच आहे: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. रेनमिनच्या प्रश्नात हा शब्द आहे, पेकिंगच्या प्रश्नात तो नाही. तिथे एकेका देवाचं नाव घेऊन ‘यावर तुमची श्रद्धा आहे का?’ एवढंच विचारलं आहे, आणि एकाहून अधिक ठिकाणी ‘हो’ म्हणायची मुभा आहे.

एक म्हातारी मी मनाशी उभी करून पाहते. पहाटे उठून ती ग्वान्यिन या बोधिसत्त्वाच्या मूर्तीपुढे उदबत्ती लावते, नातवाच्या परीक्षेसाठी हात जोडते. दारात पाहणीवाला येतो. ‘तुमची धार्मिक श्रद्धा कोणती?’ म्हातारी म्हणते, ‘छे, तसलं काही नाही बाबा.’ आणि ती खरंच बोलते आहे. तिने कुठे दीक्षा घेतली आहे? कुठल्या संघात नाव घातलं आहे? उदबत्तीचा वास अजून घरात दरवळतो आहे आणि कागदावर ‘कोणताही धर्म नाही’ या चौकटीत खूण झाली आहे. दुसऱ्या दिवशी दुसरा पाहणीवाला ‘बोधिसत्त्वाला मानता का?’ असं विचारेल तर ती म्हणेल, ‘म्हणजे काय? मानते तर!’

मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. धर्मशाळा, दानधर्म, शेजारधर्म या शब्दांतला धर्म आणि जनगणनेच्या तक्त्यातला धर्म यांत किती अंतर आहे, ते आपण बोलताना रोज ओलांडतो.

आता हा एक शब्द जगाच्या तक्त्यात काय उलथापालथ करतो ते पाहा. प्यूनेच एप्रिल २०१५ मध्ये २०१० ते २०५० या काळाचं धार्मिक लोकसंख्येचं भाकीत प्रसिद्ध केलं होतं. त्यात २०१० साली जगातले बौद्ध होते ४८ कोटी ८० लाख, आणि कोणताच धर्म न सांगणारे १६.४ टक्के. जून २०२५ मध्ये त्यांचा नवा अहवाल आला. त्यात त्याच २०१० सालचे बौद्ध सुमारे ३४ कोटी आहेत, आणि धर्म न सांगणारे २३.३ टक्के! वर्ष तेच, माणसं तीच. चीनसाठी आता त्सोंगच्याओवाला प्रश्न प्रमाण धरला, मुख्यतः एवढ्यानेच १४ कोटींहून अधिक बौद्ध तक्त्यातून उठले. संशोधकांनी आपलाच जुना आकडा मागे घेतला आणि तो का घेतला, हे उघड लिहिलं. मला या सगळ्या लेखनातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते. जगभर उद्धृत झालेला आकडा स्वतःच्या हाताने खोडायला धीर लागतो.

२०१५ चा अहवाल म्हणून फुकट गेला असं मुळीच नाही. त्याचा गाभा आजही वाचनीय आहे, कारण धर्मांचे आकडे बहुतांशी पाळण्यात ठरतात, हे तो शांतपणे दाखवतो. मुस्लिम बाईमागे सरासरी ३.१ मुलं, ख्रिस्ती बाईमागे २.७, हिंदू बाईमागे २.४, आणि धर्म न सांगणाऱ्या बाईमागे १.७. मुस्लिमांचं मध्यम वय २३, धर्म न सांगणाऱ्यांचं ३४. एवढ्या दोन-तीन स्तंभांतून पुढची चाळीस वर्षं उलगडत जातात. सभा-संमेलनांत धर्मांतरावर जो आरडाओरडा चालतो, त्याला या गणितात फार थोडी जागा आहे. एकच मोठी हालचाल दिसते, ती जन्माने मिळालेला धर्म मोठेपणी गुपचूप सोडून देणाऱ्यांची. २०१० ते २०२० या दशकात धर्म न सांगणाऱ्यांचं प्रमाण २४.२ टक्क्यांवर गेलं ते अशा लोकांमुळे. नाहीतर एवढ्या कमी मुलांवर ते घटायलाच हवं होतं.

पण पाळण्याच्या गणितात न बसणारी एक नोंद आपल्याच जनगणनेत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ साली बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ साली झाले जवळजवळ २८ लाख. कुठलाही जन्मदर हे करू शकत नाही. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ आहे, नागपूर आहे, बाबासाहेब आहेत. आणि हा आकडा वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांना नव्हत्या, केंद्राने त्या दिल्या १९९० मध्ये. म्हणजे १९६१ साली जनगणनेचे गुरुजी दारात आले तेव्हा ‘बौद्ध’ हा शब्द उच्चारणं म्हणजे पदरचं काही गमावायची तयारी ठेवणं होतं. हे माहीत असूनही माणसांनी तो उच्चारला. त्या २८ लाखांत प्रत्येकाचा आवाज मला ऐकू येतो.

चीनमध्येही उत्तराला किंमत आहे. कम्युनिस्ट पक्षाच्या सभासदाला धर्म मानायला बंदी आहे. सरकारी नोकराने, शिक्षकाने अनोळखी माणसाला काय सांगावं? रेनमिनच्या पाहणीत धर्म सांगणारे १० टक्केच निघतात त्यात शब्दाचा वाटा किती आणि भीतीचा किती, हे तक्ता वेगळं करू शकत नाही. चीनवरच्या अहवालाचे लेखक हेही मान्य करतात आणि मग वाचकाला एका निराळ्याच आकड्यापाशी नेतात. श्रद्धेचं सोडा, तुम्ही काय करता ते सांगा, असं विचारल्यावर २०१८ साली चीनमधले ७५ टक्के प्रौढ म्हणाले की आम्ही घरच्या माणसांच्या कबरीवर जातो. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंगच्या दिवशी माणसं गावी परततात, गवत उपटतात, दगड पुसून काढतात, फळं आणि वाफाळता भात मांडतात, पितरांसाठी कागदी नोटा जाळतात. मग राख थंड होईपर्यंत तिथेच बसून राहतात.