ठिसूळपणा धातूचा की हवेचा?

आयर्न अॅल्युमिनाइड ‘ठिसूळ’, असं आपण पाठ करून टाकतो. स्वस्त, वजनाला हलका, तापल्यावरही सहजी न गंजणारा. पण साध्या तापमानाला ओढला की तुटतो. दोष त्याच्या घडणीतच असणार, असं वाटणं साहजिक आहे. या समजुतीला धक्का देणारा लिऊ, ली आणि मॅककॅमी यांचा १९८९ चा छोटासा पेपर संशोधनात शिरण्याआधी जरूर वाचा.

३६.५ अणुटक्के अॅल्युमिनियम असलेला एकच मिश्रधातू त्यांनी वेगवेगळ्या वातावरणांत ओढला. तुटण्याआधी तो साध्या हवेत २.२ टक्के लांबला, निर्वातात ५.४ आणि कोरड्या ऑक्सिजनमध्ये १७.६ टक्के! यील्ड स्ट्रेंथ मात्र जवळपास तीच. कारण असं: हवेतल्या बाष्पाशी अॅल्युमिनियमची अभिक्रिया होते, त्यातून सुटलेला अणुरूप हायड्रोजन भेगेच्या टोकाशी शिरतो आणि भेग पुढे सरकते.

पेपरची खरी ताकद वेगळ्याच चाचणीत आहे. ‘ऑक्सिजनमुळेच काहीतरी सुधारलं असेल’ अशी शंका कुणीही घेईल. म्हणून त्यांनी नुसत्या बाष्पातही नमुना ओढला. आकडा पुन्हा २.४ वर आला. संशयिताला असं एकटं गाठायचं असतं.

आता आक्षेप. शीर्षकात पर्यावरणाचा परिणाम हे आयर्न अॅल्युमिनाइडच्या ठिसूळपणाचं ‘प्रमुख कारण’ म्हटलंय. पुरावा मात्र एका रचनेचा. लिऊ आणि जॉर्ज यांनी १९९० मध्ये ४० टक्के अॅल्युमिनियमचा मिश्रधातू तपासला, तेव्हा कोरड्या ऑक्सिजननेही फारसं साधलं नाही. तिथे कणसीमाच कमकुवत होत्या. किंचित बोरॉन घातल्यावर त्या सावरल्या, आणि मगच ऑक्सिजनचा फायदा दिसला. हवेत तन्यता बेताचीच राहिली. म्हणजे दोष दोन होते. एक दूर केल्याशिवाय दुसरा दिसत नव्हता. शिवाय कारण सापडलं म्हणजे उपाय सापडला असं नाही. यंत्राचा भाग शेवटी हवेतच चालणार ना?

म्हणून ‘आमच्या मिश्रधातूची तन्यता वाढली’ असं कुठे वाचलंत, तर आधी प्रयोगपद्धतीचं पान उघडा. चाचणी कुठल्या वातावरणात झाली? किती वेगाने ओढलं? हळू ओढलं तर हायड्रोजनला शिरायला जास्त वेळ मिळतो. हे लिहिलेलं नसेल, तर तो टक्क्यांचा आकडा अर्धवटच समजा.