परीक्षेपुरता आधार : अंध विद्यार्थी आणि मराठीचे अध्ययन

अंध विद्यार्थ्यास विद्यापीठाकडून मिळणाऱ्या साहाय्याचा विचार बहुधा ‘सवलत’ या एका शब्दाभोवती फिरतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या असून वयोमर्यादाही ५ वर्षांनी शिथिल केली आहे. परीक्षेत लेखनिक मिळतो. तासामागे २० मिनिटे अधिक मिळतात. या तरतुदी आवश्यक आहेत, याविषयी दुमत नाही. तथापि त्यांचा रोख प्रवेशद्वार व परीक्षागृह या दोन टोकांकडे आहे. मधल्या वर्षांत विद्यार्थ्याने वाचावे कसे, हा अध्ययनाचा गाभा त्यांत अस्पर्श राहतो.

या उणिवेचे मूळ अधिनियमातच सापडते. पुस्तके व साहाय्यक साधने विनामूल्य पुरविण्याची त्यातील तरतूद वयाच्या १८ व्या वर्षापर्यंतच आहे. म्हणजे विद्यापीठीय वाचनास जेथे आरंभ व्हावयाचा, तेथेच ती संपते. पुढे उरते ते व्यक्तीच्या गरजेनुरूप वाजवी सोय करण्याचे संस्थेचे सर्वसाधारण कर्तव्य. त्याचा अर्थ प्रत्येक विभागाने आपल्या विषयापुरता ठरविल्यावाचून ते कागदावरच राहील.

जयगडहून किनाऱ्याच्या मार्गाने रत्नागिरीच्या महाविद्यालयात येणारा, मराठी विषय घेतलेला एखादा अंध विद्यार्थी कल्पावा. वाटेत मालगुंड लागते. ते केशवसुतांचे जन्मगाव. परंतु केशवसुतांची कविता अभ्यासास लागली, तर तिचा शुद्ध पाठ त्याला स्वतः वाचता येईल, अशी व्यवस्था झालेली असतेच असे नाही. छापील पृष्ठांची संगणकीय प्रत पुष्कळदा नुसते चित्र असते. युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर स्क्रीन रीडरला निरर्थक अक्षरांची रास ठरतो. मग सोबत्याने वाचून दाखविलेले चार उतारे वा मार्गदर्शिकेतील सारांश, एवढेच हाती राहते. ज्याच्यापर्यंत मूळ संहिता पोचली नाही, त्याच्याकडून स्वतंत्र रसग्रहणाची अपेक्षा आपण कोणत्या न्यायाने करावी?

प्रताधिकाराची सबब येथे पुढे करता येत नाही. केशवसुत १९०५ साली निवर्तले. त्यांचे काव्य आज सर्वांस मुक्त आहे. अर्वाचीन ग्रंथांच्या सुगम प्रती दिव्यांगांसाठी करण्यास प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने मुभा दिली आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठी २००३ साली स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. तेव्हा हे कार्य अशक्य कोटीतले नव्हे.

नेमलेल्या प्रत्येक ग्रंथाची शुद्ध युनिकोड प्रत सत्रारंभापूर्वी सिद्ध करणे, हे मराठी विभागाचेच काम होय. यंत्राने ओळखलेल्या अक्षरांत ऱ्हस्वदीर्घ बिघडले की वृत्तही बिघडते; ती चूक हेरण्यास साहित्याचा जाणकारच लागतो. जे वर्षभर वाचावयास मिळालेच नाही, ते परीक्षेतील वाढीव मिनिटे कोठून आणून देणार?