शब्द आधी, पैसा मागून

गुणवत्ता या शब्दावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. राखीव जागांच्या विरोधकांनी तो शब्द काठीसारखा वापरला आणि ती काठी हिसकावून घेण्यात आपलीही बरीच शक्ती खर्च झाली. परंतु गुणवत्तेच्या शेजारीच निमूटपणे उभ्या असलेल्या दुसऱ्या एका शब्दाकडे आपल्या टीकेचे फारसे लक्ष गेलेले नाही. तो शब्द म्हणजे मुदत. गुणवंत कोण हे परीक्षा ठरविते, असे आपण धरून चालतो. परीक्षेनंतर आणखी एक निवड होते, आणि ती तारखेवर होते. अमुक तारखेच्या आत होकार कोण देऊ शकतो, अमुक रक्कम कोण भरू शकतो, आणि चांगल्याची वाट पाहणे कोणाला परवडते, या तीन प्रश्नांच्या चाळणीतून गुणवत्ता पुन्हा एकदा गाळली जाते. या दुसऱ्या चाळणीचा निकाल मात्र कोणत्याही फलकावर लागत नाही.

या चाळणीचे उघडेवाघडे रूप अमेरिकेतील महाविद्यालयांत दिसते. आज नागपूरच्या वस्त्यांतील मुलेही तिकडे अर्ज करू लागली आहेत, म्हणून ते समजून घेतले पाहिजे. तिथे 'अर्ली डिसिजन' नावाची पद्धत आहे. विद्यार्थ्याने साधारण १ नोव्हेंबरच्या सुमारास एकाच महाविद्यालयाकडे बांधील अर्ज करायचा. विद्यार्थी, पालक आणि शाळा अशा तिघांनी सह्या करायच्या. डिसेंबरच्या मध्यावर होकार आला, की इतर सर्व अर्ज मागे घ्यायचे. इतरांचे मात्र तसे नसते. त्यांच्या हाती वसंत ऋतूत चार ठिकाणची पत्रे पडतात, प्रत्येक पत्रासोबत मदतीचा आकडा असतो आणि १ मेपर्यंत त्यांना तुलना करता येते. हार्वर्ड, कोलंबिया यांसारखी जी आठ विद्यापीठे आयव्ही लीग म्हणून ओळखली जातात, ती गुणवत्तेसाठी वेगळी शिष्यवृत्ती देतच नाहीत. त्यांची मदत गरजेवर ठरते. त्यांच्या खालच्या पायरीवरील अनेक महाविद्यालये मात्र गुणवत्ता शिष्यवृत्ती आमिषासारखी वापरतात. दुसरीकडे जाऊ शकेल अशा मुलाला ती ओढून आणते. ज्याने आधीच शब्द देऊन टाकला आहे त्याच्यासाठी आमिष कशाला खर्च करायचे? मदत अपुरी पडली तर बांधिलकीतून सुटता येते, हे खरे. परंतु दुसऱ्या पत्राचा आकडा समोर नसताना आपल्याला मिळालेली मदत अपुरी आहे हे मुलाने कशाच्या आधारे सिद्ध करायचे?

येथे एक भेद नीट ध्यानात ठेवायला हवा. लवकर अर्ज करणे वेगळे आणि बांधून घेणे वेगळे. मेरिलँडसारख्या विद्यापीठात शिष्यवृत्तीसाठी आणि ऑनर्स अभ्यासक्रमासाठी पूर्ण विचार व्हावा म्हणून नोव्हेंबरच्या आरंभीच अर्ज करावा लागतो, परंतु त्यात बांधिलकी नसते. ज्याला ही तारीख ठाऊक त्याचा लाभ, ज्याला ती सांगणारे कोणी नाही त्याचा तोटा. म्हणजे एका ठिकाणी माहितीचे दारिद्र्य नडते आणि दुसऱ्या ठिकाणी पैशाचे. लवकरच्या अर्जांनी गरीब मुलांचे नुकसान होते असे सांगून हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २००६ साली लवकरचे प्रवेश बंद केल्याचे जाहीर केले. २०११ साली दोघांनीही ते पुन्हा सुरू केले, तेही बांधिलकीविना. शेजारी स्पर्धक चांगली मुले आधीच उचलतात, या भीतीपुढे नीती पाच वर्षांपेक्षा अधिक टिकली नाही.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकायचे आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, मुदत तीन वर्षांची. हेही बंधनच होते, आणि हलके नव्हते. १९१७ साली ते बंधन पाळायला बाबासाहेब बडोद्याला गेले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही आणि कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकत. म्हणून त्या कराराचे गुणगान करण्याचे कारण नाही. तरीही त्याची एक गोष्ट आजच्या अर्जांपेक्षा प्रामाणिक होती. पैसा आणि शब्द एकाच करारात होते. किती मिळणार, किती काळ मिळणार आणि त्याबदली काय द्यायचे, हे सही करणाऱ्याला सही करतानाच ठाऊक होते. आजच्या व्यवस्थेने त्या कराराचे दोन तुकडे केले आहेत. विद्यार्थ्याचा शब्द आधी घेतला जातो आणि पैशाचे उत्तर मागून येते.

हे तुकडे नागपुरात कसे पडतात ते पाहा. समजा, इंदोऱ्यातील एका मुलीला बारावीला चांगले गुण मिळाले आहेत. कॅप फेऱ्या अजून सुरू व्हायच्या आहेत. तेवढ्यात खाजगी संस्थांची माणसे फोन करू लागतात: अमुक टक्क्यांना फीमध्ये इतकी सवलत, पण आठवड्याच्या आत जागा नक्की करा. बाप घाबरतो. हातची जागा गेली तर? तो उसनवार करून रक्कम भरतो. या सवलतीला संस्था 'मेरिट स्कॉलरशिप' म्हणते. परंतु मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होत नाही. ती मिळवायची तर प्रवेश कॅप फेरीतून यावा लागतो. लहान सवलतीच्या घाईत हक्काची मोठी शिष्यवृत्ती हातची जाते, आणि हे बापाला कोणी सांगत नाही. पुढे कॅप फेरीत शासकीय महाविद्यालय मिळाले तर भरलेली रक्कम परत मागण्यासाठी खेटे सुरू होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी प्रवेश सोडला तर संपूर्ण फी परत करायची, फार तर पाच टक्के आणि तेही ५,००० रुपयांपर्यंतच कापायचे, आणि मूळ कागदपत्रे अडवून ठेवायची नाहीत, असे ठरले आहे. नियम आहे. तो छापलेला कागद बापाच्या खिशात नाही.

कॅप फेरीतही बांधिलकी आहेच. अभियांत्रिकीच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप गोठते, पुढच्या फेरीचा रस्ता बंद. या नियमामागे कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. जागा अडवून बसणाऱ्यांमुळे खालच्या क्रमांकावरच्या मुलांचे नुकसान होते, आणि त्या खालच्या क्रमांकावर आपलीच मुले अधिक असतात. म्हणून बांधिलकीला सरसकट नकार देणे ही भाबडी भूमिका होईल. प्रश्न बांधिलकीच्या किमतीचा आहे. पसंतीक्रम भरताना मुलीला महाविद्यालयाचे नाव दिसते; वसतिगृह मिळेल की नाही आणि शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात खात्यात पडेल, हे दिसत नाही. डिसेंबर २०२० च्या निर्णयानंतर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो त्याने महाविद्यालयाला भरायचा असतो. मधल्या काळातला तगादाही मग विद्यार्थ्याच्याच वाट्याला आला. ही योजना १९४४ सालची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची. शिकणाऱ्याला पैशाची चिंता नसावी हा तिचा अर्थ होता. आज ती चिंता केवळ पुढे ढकलली जाते.

मुदतीची किंमत किती असते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दफ्तरात नोंदलेले आहे. २०२१ साली प्रिन्स जयबीर सिंग या मुलाला मुंबईच्या आयआयटीत जागा मिळाली. तांत्रिक अडचणीने जागा स्वीकारण्याची फी वेळेत भरली गेली नाही आणि जागा गेली. २०२४ साली मुजफ्फरनगर जिल्ह्यातील एका मजुराचा मुलगा अतुल कुमार धनबादच्या आयआयटीत निवडला गेला. १७,५०० रुपये भरायचे होते. २४ जूनला संध्याकाळी पाच वाजता मुदत संपली आणि पैसे यंत्रात गेले नाहीत. दोघांनाही न्यायालयाने जागा मिळवून दिली. या निकालांचे स्वागतच आहे. पण ज्या मुलाला दिल्लीपर्यंत जाता येत नाही, त्याचे काय? परीक्षा लाखांतून निवडलेल्या मुलाला गुणवंत म्हणते आणि साडेसतरा हजारांपाशी त्याची गुणवत्ता रद्द होते. गुणवत्तेची एवढी स्वस्त व्याख्या तिच्या भक्तांनी तरी कशी खपवून घ्यावी?

परदेशी शिक्षणात ही दरी अधिक रुंद होते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य शासन अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशी शिष्यवृत्ती देते. तिच्यासाठी विनाअट प्रवेशपत्र लागते. इंग्लंडमधील अनेक विद्यापीठे जागा पक्की करायला आगाऊ रक्कम मागतात. म्हणजे शिष्यवृत्ती ज्याच्यासाठी आहे त्यानेच तिच्या आधी पैसा उभा करायचा! केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत २०२५ साली १०६ जणांची निवड झाली. आरंभी पत्रे मिळाली ४० जणांना, बाकीच्यांना सांगितले गेले की निधी असेल तर मिळेल. विद्यापीठ मात्र असे थांबत नाही. ज्या घरात जमीन किंवा पेन्शन आहे तेथील मुलगा जागा धरून ठेवतो. ज्या घरात काहीच नाही तेथील मुलगा निवड होऊनही जागा सोडतो. शिष्यवृत्ती गरिबांची, परंतु ती घेता येते थोड्या कमी गरिबाला.

ऑनर्सच्या बाबतीतही हेच घडू पाहते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के मिळविणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडण्याचीही मुभा आहे. ही मुभा कोण वापरील? चौथ्या वर्षाच्या मदतीची हमी पहिल्याच वर्षी मिळाली नाही, तर ७५ टक्के मिळविणारी मुलगीही तिसऱ्या वर्षी नोकरी शोधील. मग कागदावर लिहिले जाईल की तिने स्वेच्छेने शिक्षण सोडले.

म्हणून मागणी साधी आहे: पैशाचे उत्तर मिळेपर्यंत शब्द मागू नका. पसंतीक्रमाच्या अर्जावरच शिष्यवृत्तीची पात्रता आणि रक्कम छापा. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांची स्वीकृती फी शिष्यवृत्तीतून वळती करा. परदेशी निवडीची यादी विद्यापीठांच्या तारखांआधी लावा. यासाठी नवा कायदा लागत नाही. कॅलेंडर बदलावे लागते.

आणि काही आपल्यासाठीही. नागपुरात आपल्यातला एक नोकरदार वर्ग आता स्थिरावला आहे. त्याची मुले जागा धरून ठेवू शकतात, आणि ठेवतातही. दर ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर आपण लाखोंनी जमतो. तिथेच १९६४ पासून डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे आहे. मुदतीच्या दिवशी भरता येईल आणि शिष्यवृत्ती आली की परत येईल, असा फिरता निधी एवढ्या मोठ्या समाजाला अशक्य आहे काय? शासनाच्या कर्तव्याला तो पर्याय होऊ शकत नाही. परंतु संध्याकाळी पाच वाजता एखादी जागा जात असेल, तर तिथे आपले कोणी उभे असले पाहिजे.

थांबता येणे हीसुद्धा मालमत्ता आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या काहींच्याच घरात साठली. जी परीक्षा ही मालमत्ता न मोजता गुण वाटते, तिच्या निकालाला आम्ही अर्धाच निकाल मानतो.