सवाल आणि रोखे

आमच्या बेळगावकडच्या बस्तीत पंचकल्याणिकाचे सवाल होतात, म्हणजे मानाची बोली लागते. चढी बोली करणारा इंद्र होतो. पैशाने मान मिळावा हे मला लहानपणापासून खटकतं. पण निदान आकडा अख्ख्या मांडवाला ऐकू तरी येतो! २०१८च्या निवडणूक रोख्यांत तेवढंही नव्हतं. कंपन्यांना सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येई. ती वेसण २०१७तच काढलेली. याला गुप्तदान कसं म्हणू? घेणाऱ्या पक्षाला दाता कळू शकत होता, अंधारात होते ते आम्ही मतदार. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने रोखे घटनाबाह्य ठरवले. तोवर २०१९ची लोकसभा होऊन गेली होती, आणि माझ्या बोटावरची शाईही.