संपादकाची कात्री आणि संपादकाची पेटी

नियतकालिकाचा वाचक कवीचे नाव लक्षात ठेवतो. ज्याने ती कविता निवडली, कापली किंवा परत धाडली, तो संपादक त्याच्या दृष्टीआडच राहतो. संपादकाचा खरा व्यवहार कळतो तो त्याने जपलेल्या पत्रांवरून. शिकागो येथील हॅरिएट मन्रो यांच्या कागदपत्रांचे महत्त्व आम्हांस याच कारणाने वाटते.

मन्रोबाईंनी १९१२ च्या ऑक्टोबरात 'पोएट्री' हे मासिक सुरू केले. सुमारे शंभर नागरिकांकडून पाच वर्षे दरसाल पन्नास डॉलर देण्याचे वचन घेऊन त्यांनी ते उभे केले. १९३६ साली पेरू देशात प्रवासात असता त्यांचे देहावसान झाले, आणि मासिकाचा पत्रसंग्रह त्यांच्या इच्छेनुसार शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे गेला. त्याच १९१२ च्या डिसेंबरात त्यांनी रवींद्रनाथ ठाकूर यांच्या सहा कविता छापल्या; नोबेल पारितोषिक त्यानंतरच्या वर्षाचे. अशी उदार दृष्टी असलेल्या या बाई एलियट यांच्या 'प्रुफ्रॉक'पाशी मात्र अडखळल्या. कवितेचा शेवट त्यांना रुचेना. एझ्रा पाऊंड यांनी बदल करण्यास साफ नकार दिला. अखेरीस १९१५ च्या जूनमध्ये ती प्रसिद्ध झाली. उदारता आणि संकोच एकाच व्यक्तीच्या ठायी कसे नांदतात, हे असल्या पत्रांतून दिसते.

धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे असे प्रकरण वॉलेस स्टीव्हन्स यांच्या 'संडे मॉर्निंग' या कवितेचे आहे. रविवारी सकाळी देवळात न जाता निवांत घरी बसलेली एक स्त्री, आणि पॅलेस्टाइनमधील त्या कबरेकडे वळणारे तिचे मन, असा तिचा विषय. मूळ कडवी आठ. १९१५ च्या नोव्हेंबरच्या अंकात मन्रोबाईंनी पाचच छापली. उरलेल्या कडव्यांचा क्रम कसा असावा हे स्टीव्हन्स यांनी पत्राने कळविले. विचाराच्या सांधणीसाठी तो क्रम आवश्यक असल्याचेही सांगितले. पुढे १९२३ साली 'हार्मोनियम' या संग्रहात त्यांनी आठही कडवी मूळ क्रमाने दिली.

गाळलेली कडवी दुसरे, तिसरे आणि सहावे. दुसऱ्यात प्रश्न आहे की केवळ छायेत व स्वप्नात येणारे देवत्व ते कसले? तिसऱ्यात आकाशातील देव आणि मानवी रक्त यांच्या मीलनाचा विचार आहे. सहाव्यात जेथे काहीच पालटत नाही अशा स्वर्गाविषयीची शंका आहे. म्हणजे कात्री नेमकी ईश्वरविषयक प्रश्नांवर चालली. याचा परिणाम काय झाला? मासिकातील पाठ सूर्याभोवती नाचणाऱ्या पुरुषांच्या उन्मादावर संपतो. पूर्ण कवितेत त्यानंतर कबरेचे कडवे येते, आणि शेवटी सायंकाळच्या अंधारात खाली उतरणारी कबुतरे दिसतात. प्रश्न वगळल्याने कविता सौम्य झाली नाही. तिच्यातील नकार अधिक ठाम झाला. त्या कबरेविषयी कवीचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. पण ज्या शंकेला उत्तर द्यावयाचे ती आधी पूर्ण ऐकावी लागते. म्हणून मन्रोबाईंचा हा निर्णय आम्हांस चुकीचा वाटतो.

तथापि त्यांच्या बाजूने एक गोष्ट निःसंशय सांगितली पाहिजे. जी पत्रे त्यांचा संकोच उघड करतात ती त्यांनी फाडून टाकली नाहीत. आपल्याविरुद्धचा पुरावा स्वतःच जपून ठेवणारा संपादक विश्वासास पात्र ठरतो.

कापणे आपणांसही अपरिचित नाही. १९७१ च्या नित्यप्रार्थनेच्या ग्रंथातून ५८, ८३ व १०९ ही शापवचनांची स्तोत्रे वगळण्यात आली. परंतु वगळण्याचे कारण लिहून ठेवले गेले, आणि पवित्र शास्त्रात ती स्तोत्रे जशीच्या तशी आहेत. आक्रोश करणाऱ्याला ती आजही सापडतात.

आमचे वर्तन मात्र इतके निर्दोष नाही. पूर्वी एका धर्मग्रामाचे पत्रक आम्ही पाहत असू. एका वृद्ध धर्मशिक्षकांनी आपल्या मुलाच्या मृत्यूविषयी लेख पाठविला. त्यात त्यांनी देवाला सरळ जाब विचारला होता. भाविकांचे मन दुखावेल म्हणून आम्ही ती चार वाक्ये काढली, सांत्वनाचा भाग छापला आणि हस्तलिखित टाकून दिले. अंक पाहून ते एवढेच म्हणाले, "फादर, उत्तर छापलंत, पण मी काय विचारलं होतं ते कुठं आहे?" ते गृहस्थ आता हयात नाहीत. ती वाक्ये आम्हांला आठवत नाहीत, आणि ती शोधण्यास कोणतीही पेटी नाही.

आपल्या बांधवांना आमची विनंती एवढीच आहे. पत्रक काढताना कापावे लागले तर कापा; परंतु लेखकाला कळवा, कारण नोंदवा आणि मूळ कागद जपा. ईयोबाचे प्रश्न ज्याने पुसले नाहीत, त्या अनामिक लेखनिकाचे ऋण आपल्यावर आहे.